कॉन्टेसाला पेट्रोल पोचत नव्हतं: सोलापुरातल्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी: हिंदुस्थान कॉन्टेसा, 1986 चं मॉडेल, 1489 सीसी पेट्रोल, चार गिअर. मामांची गाडी. अक्कलकोट रोडला त्यांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये काही वर्षं उभी होती, आता जुळे सोलापुरात माझ्या दारात आहे.

कॉन्टेसा 1984 मध्ये आली. बॉडी व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स गाड्यांवरून घेतलेली आणि सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन अँबॅसिडरचं, म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. लांब बॉनेट आणि रुंद बांधा यामुळे लोक तिला भारताची मसल कार म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं. इंजिन अँबॅसिडरचं असल्यामुळे पेट्रोल पंप (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा), पॅकिंग, डायफ्रामचं (पंपातल्या पडद्याचं) किट हे सगळं आजही मिळतं, हा या मॉडेलचा मोठा फायदा. पुढे इसुझूचं 1.8 इंजिन आलं. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी इथला पंपाचा भाग सोडून द्यावा. टाकी आणि लाइनचा, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपचा, भाग त्यांनाही तितकाच लागू पडेल.

तक्रार अशी: सकाळी एका सेल्फमध्ये चालू. सात रस्ता, होटगी रोड, कुठंही फिरवा, काही त्रास नाही. पुणे रोडला लागून 70 चा वेग धरला की दहा-बारा किलोमीटरवर आधी झटके, मग पिकअप जातो, मग बंद. पंधरा-वीस मिनिटं उभी केली की परत चालू, जसं काही झालंच नव्हतं.

माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजमध्ये कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि प्लग, म्हणजे ठिणगीची सगळी बाजू, बदलून झाले होते, 3,400 रुपये. मग पेट्रोल पंपही नवा बसवला, 1,850 रुपये. तक्रार जशीच्या तशी. गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी दिसली की आधी कंडेन्सर बदलायचा, ही आपल्याकडची रीतच आहे आणि पुष्कळदा ती बरोबरही ठरते. पण बंद पडलेल्या जागी, बंद पडलेल्या क्षणी कोणी बॉनेट उघडून बघितलं नव्हतं.

9 फेब्रुवारी

आज बंद पाडण्यासाठीच गाडी काढली. सोबत प्लग तपासायचा टेस्टर, पान्हे, टॉर्च आणि अग्निशामक सिलिंडर. पेट्रोलचं काम करताना हा सिलिंडर हाताशी हवाच. मी दोन किलोचा पावडरचा घेतला.

सावळेश्वर टोलनाक्याच्या बरंच अलीकडे नेहमीसारखी बंद पडली. बाजूला घेतली आणि लगेच दोन गोष्टी बघितल्या. टेस्टर लावून सेल्फ मारला तर ठिणगी निळी, जाड, नियमित. म्हणजे कॉइल-कंडेन्सरचा प्रश्न मिटला. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारली आणि हाताने ॲक्सिलरेटरची दांडी ओढली. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल असेल तर दांडी ओढल्यावर आत पिचकारी उडालीच पाहिजे. इथे थेंबही नाही. चेंबर कोरडं.

एवढ्या दोन तपासण्या रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत होतात आणि अर्धं कोडं सुटतं. यातलं पहिलं जरी आधी कोणी केलं असतं तरी 3,400 वाचले असते.

तिसरी गोष्ट सहज म्हणून केली. टाकीचं झाकण उघडलं तर स्स्स करून आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. झाकण उघडल्यावर गाडी नेहमीपेक्षा खूप लवकर चालू झाली. परतीच्या वाटेवर झाकण सैल ठेवलं. असं फार वेळ चालवू नये, पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं.

10 फेब्रुवारी

टाकीला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. पेट्रोल जितकं कमी होतं तितकी हवा त्या नळीतून आत यावी लागते. ती बुजली की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोलबरोबर त्या पोकळीशीही ओढाताण करावी लागते. दहा किलोमीटर लागायचे ते यामुळेच, पोकळी हळूहळू वाढत जाते.

गाडीखाली आडवा होऊन नळीचं टोक शोधलं. टोक मातीने पक्कं लिंपलेलं होतं. कुंभारमाशीचं घर. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत ही माशी अशीच बोटभर भोकं शोधते. माती टोकरून काढली, वायर घातली, मग टाकीच्या बाजूने नळी सोडवून कॉम्प्रेसरची हवा मारली. हवा टाकीत जाऊ देऊ नका, माती आत जाते. टोकाला पितळी जाळीचा तुकडा बांधला.

खर्च शून्य. गाडी आता टोलनाका ओलांडून जाते, पण मोहोळच्या अलीकडे परत झटके. म्हणजे आणखी काहीतरी आहे.

16 फेब्रुवारी

आज बाटली लावली. ही युक्ती प्रत्येक जुन्या मिस्त्रीला माहीत आहे. पंपाकडून येणारा पाइप सोडून बंद करायचा आणि कार्बोरेटरला वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल सोडायचं. पंप, लाइन, टाकी सगळं बाजूला पडतं. गाडी उभी करूनच करायचं, रस्त्यावर अजिबात नाही.

अंगणात गाडी उभी करून अर्धा तास रेस धरून ठेवली. एक झटका नाही, एक मिसिंग नाही. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो, त्यामुळे कार्बोरेटर पूर्ण निर्दोष आहे असं यावरून म्हणता येत नाही. पण कल मात्र स्पष्ट झाला: दोष कार्बोरेटरच्या मागे आहे.

22 फेब्रुवारी

या कामातला सगळ्यात उपयोगी दिवस. सामान म्हणजे मोजपट्टी असलेली एक बाटली, दीड फूट पारदर्शक नळी, एक कॅन आणि मोबाइलचं घड्याळ.

कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून पारदर्शक नळीने बाटलीत सोडला. फ्लोट चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट सहज आयडलला चालतं. तेवढ्या वेळात बाटलीत किती येतं ते मोजलं. आलं 45 मिली, आणि नळीतून सतत बुडबुडे.

आता हिशोब मांडा. लिटरला 10 किलोमीटर धरले तर 70 च्या वेगाला तासाला 7 लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण 117 मिली. पंप देतोय मिनिटाला 90. वेगात पंपाचे ठोके वाढतात हे खरं, पण मागून हवा येत असेल तर जास्त ठोक्यांनी जास्त हवाच येणार.

मग पंपाकडे टाकीतून येणारा पाइप सोडला आणि पंपाला थेट कॅनमधलं पेट्रोल दिलं. तोच पंप, तोच अर्धा मिनिट. आलं 210 मिली, एकही बुडबुडा नाही. पंप चांगला आहे. दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये आहे.

तरी 210 थोडं कमी वाटलं म्हणून पंप उतरवला. बसवताना बेकेलाइटच्या ठोकळ्याबरोबर कागदी पॅकिंग दुहेरी घातलेलं होतं. पॅकिंग जाड झालं की पंपाची दांडी तिला हलवणाऱ्या इंजिनातल्या कॅमपासून लांब जाते आणि तिचा झोका तोकडा पडतो. एक पॅकिंग कमी केलं, परत मोजलं: 280. दाब गेजवर दोन पीएसआयच्या आसपास. पॅकिंग 15 रुपयांचं. बेकेलाइटचा ठोकळा मात्र काढू नका. तो इंजिनची उष्णता अडवतो आणि तो नसला तर दांडी जास्त दाबली जाऊन मोडू शकते.

इथेच डिपस्टिकही ओढून बघितली. ऑइल खुणेच्या वर आणि त्याला पेट्रोलचा वास. जुन्या पंपाचा डायफ्राम फाटला होता तेव्हा पेट्रोल खाली इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलं, आणि पंप बदलताना ऑइल तसंच राहिलं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंगांना खाऊन टाकतं. त्याच संध्याकाळी ऑइल आणि फिल्टर बदलला, 1,900 रुपये. पंप बदललात तर ऑइलचा वास घेतल्याशिवाय गाडी चालवू नका.

1 मार्च

सक्शनची, म्हणजे टाकीकडून पंपाने ओढायची, बाजू शोधली. हा भाग सविस्तर लिहितोय, कारण माणूस इथेच फसतो.

पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या बाजूला भोक असेल तर पेट्रोल बाहेर गळतं, वास येतो, डाग दिसतो. पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला भोक असेल तर गाडी चालू असताना तिथून काहीच बाहेर येत नाही. पंप ओढत असतो, त्यामुळे भोकातून बाहेरची हवा आत शिरते. खालून बघितलं तर लाइन कोरडी ठणठणीत, आणि कोरडी आहे म्हणून सगळे पुढे निघून जातात.

आधी टाकी आणि लोखंडी लाइन यांच्यामधला रबरी पाइप काढला. बाहेरून काळा, मऊ, चांगला. उभा चिरला तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. पेट्रोल हळू वाहत असेल तोवर ही जीभ बाजूला राहते. ओढ वाढली की वाहत्या दिशेने वळते आणि तोंड झाकते. गावात त्रास नाही, हायवेला त्रास, याचं उत्तर त्या चार इंच रबरात होतं.

पण बुडबुड्यांचं उत्तर त्यात नव्हतं. म्हणून लोखंडी लाइन दोन्ही टोकांनी सोडवली, एक टोक बुच मारून बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप आणि गेज. दोन-तीन पीएसआयपेक्षा जास्त हवा लागत नाही. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत टाकीपासून पुढे सरकत गेलो.

लाइन चेसीला पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असते. मागच्या चाकाच्या पुढच्या पट्टीपाशी आलो तेव्हा पट्टीच्या कडेने फेस यायला लागला, अगदी बारीक, मोहरीएवढे फुगे एकामागून एक. पट्टी उघडली. आतल्या बाजूला तांबूस भुकटी साचली होती आणि ती पुसल्यावर पाइपवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. चाकाने उडालेलं पाणी आणि माती पट्टीखाली अडकून राहते, तिथला पाइप कधी वाळतच नाही, आणि बाकी सगळा पाइप धडधाकट असताना नेमका झाकलेल्या जागी गंजतो. पुढच्या दोन पट्ट्याही उघडल्या. भोक नव्हतं, पण नखाने खरवडलं तर पापुद्रे निघत होते. पूर्ण लाइन नवीनच टाकायची ठरवलं.

ज्यांना अशी शंका आहे त्यांनी पट्टी न उघडता लाइन बघू नये.

2 मार्च

लाइन सुटलेलीच होती, म्हणून टाकीही उतरवली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मोकळ्या हवेत, आसपास शेगडी-बिडी काही नाही. तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ पाण्यासारखा वेगळा थर, त्याच्याही खाली गंजाचा गाळ.

आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की पेट्रोल सोडून त्याच्याबरोबर तळाशी बसतं. उभ्या गाडीत दोन-तीन पावसाळे गेले की हे होणारच. आणि टाकीतला पाइप पेट्रोल उचलतो तळाशीच. त्या पाइपच्या टोकाला पितळी जाळी असते. ती काढली तर निम्म्याहून जास्त चिखलाने बंद.

आता पेट्रोल भरायच्या पंपावर मिळतं त्यात नेमकं किती इथेनॉल आहे तेही घरीच बघितलं. 100 मिलीच्या मोजपात्रात 80 मिली पेट्रोल, 20 मिली पाणी, तोंड बंद करून हलवलं आणि स्थिर होऊ दिलं. खालचा थर 20 चा 36 च्या जवळ गेला. म्हणजे 80 मध्ये 16, बरोबर 20 टक्के. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनच पुष्कळ इथेनॉल निघतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्यामुळे ते आता जाणार नाही हे धरूनच आपण आपल्या गाड्यांचं रबर बदललं पाहिजे. 1986 चं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही.

8 मार्च

टाकीची सफाई. आत हातभर सायकलची जुनी चेन टाकली, थोडं पाणी घातलं आणि दोघांनी मिळून टाकी हलवली. तांबडं पाणी निघत राहिलं तोवर हेच. मग किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), दोन किलो, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी आतला पत्रा राखाडी, स्वच्छ.

धुऊन उन्हात ठेवली. तासाभरात आतून सगळीकडे पिवळी साय चढली. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला की लगेच गंज धरतो, सोलापूरच्या उन्हातही. पुन्हा लिंबूफूल, यावेळी दोन तास, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कॉम्प्रेसरची गरम हवा, आणि वाळताक्षणी पेट्रोलमध्ये 2टी ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवलं. यावेळी गंज नाही. सामान 640 रुपये, पण एक दिवस जास्तीचा गेला.

आतून लावायचा सीलर लावला नाही. काही जुन्या प्रकारचे सीलर इथेनॉलमध्ये सुटतात आणि त्यांचे पापुद्रे परत जाळीवरच येऊन बसतात. पत्रा जाड असेल तर स्वच्छ ठेवलेला बरा.

9 मार्च

स्वच्छ केल्यावर टाकीच्या शिवणीपाशी एक बारीक झिरप दिसली. रेडिएटरवाल्या अण्णांकडे नेली. मी म्हटलं, धुतलेली आहे, लगेच झाळून द्या.

अण्णा म्हणाले, "धुतलेली असू दे की सर. शिवणीत पेट्रोल राहतंय. रिकामी टाकी तापवली की आतला वास पेटतोय. ठेवा इथं, पाणी भरून करतो."

त्यांनी टाकी तिरकी उभी केली, शिवण तेवढी वर राहील इतकं पाणी भरलं, पत्रा घासून चकचकीत केला आणि ज्योत न लावता तापवलेल्या जाड सोल्डरिंग आयर्नने झाळ घातली. वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेऊ नका, आणि कोणी पाणी न भरता ज्योत लावत असेल तर टाकी उचलून परत या. 350 रुपये.

अण्णांनी तांब्याची लाइन टाकायचा सल्ला दिला. वळवायला सोपी, गंजत नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. तांबं हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं आणि पेट्रोलमध्ये चिकट गाळ लवकर तयार करतं. त्यांनीही मग मान्य केलं की ट्रकच्या तांब्याच्या लाइनी फ्लेअरपाशीच, म्हणजे टोक फुलवून जोडतात तिथेच, तुटून येतात.

15 आणि 16 मार्च

नवी लाइन. 8 मिमीचा बंडी पाइप (दुहेरी पत्र्याचा पोलादी) 1,050 रुपये, वळवायचं हत्यार एका मित्राकडून. पट्ट्यांखाली रबरी अस्तर घातलं आणि प्रत्येक पट्टीला खालून पाणी निथळायला फट ठेवली. रबरी पाइप जे30 आर9 दर्जाचा, म्हणजे इथेनॉल सोसणारा, मीटरला 420 रुपये, दोन मीटर पुरला. साधा काळा पाइप 90 रुपयांत मिळतो, पण तो यापुढे टाकीजवळ लावणार नाही. जुन्या दातेरी जुबली क्लिपा रबर कापतात, म्हणून गोल कडांच्या क्लिपा घेतल्या.

फिल्टर टाकीजवळ, सहज हात पोचेल अशा जागी. धातूचा, मोठा. पंपाच्या मागे फार बारीक जाळीचा फिल्टर लावला तर तोच अडथळा होतो. तपासणीसाठी लावलेला प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर बॉनेटमधून काढून टाकला. उष्णतेने तो तडकतो आणि खाली एक्झॉस्ट असतो.

परत बाटली-घड्याळ. टाकीतून अर्ध्या मिनिटात 275 मिली, बुडबुडे नाहीत. कॅनमधून येत होतं जवळजवळ तेवढंच.

23 मार्च

कार्बोरेटर उघडला. फ्लोट चेंबरच्या तळाशी कॉफीच्या गाळासारखी भुकटी. जेट, म्हणजे पेट्रोल मापाने सोडणाऱ्या बारीक भोकाचे भाग, काढून कार्ब क्लीनर आणि हवेनेच साफ केले. जेटमध्ये वायर घालू नका, भोक मोठं होतं आणि नंतर कशाचा कशाला मेळ बसत नाही. नीडल (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) आणि पॅकिंगचं किट 480 रुपये. फ्लोटची उंची जुन्या खुणेवर.

धावून आल्यावर प्लग पांढरट फटक. ई20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त होते), कारण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते आणि जेट मात्र जुन्या पेट्रोलच्या मापाचा. मेन जेट एका मापाने मोठा घातला. प्लग आता फिकट बदामी. पिकअपमध्ये फरक लगेच जाणवला.

मोहोळपर्यंत जाऊन आलो, 80 च्या वेगाने. कुठंही झटका नाही.

20 एप्रिल

ऊन तापलं. दुपारी 40 च्या पुढे. आणि नवी तक्रार: हायवेवरून गावात येऊन जुन्या पुणे नाक्याच्या सिग्नलला थांबलं की आयडल डळमळतं, बंद पडते, चालू व्हायला वेळ लागतो.

पहिल्यांदा वाटलं जुनंच परत आलं. पण लक्षण उलटं आहे. आधी वेगात बंद पडायची आणि थांबली की बरी व्हायची. आता वेगात उत्तम आणि थांबली की बंद. धावताना रेडिएटरमधून हवा खेळते, थांबल्यावर बॉनेटखालची उष्णता कोंडते. लेझर थर्मामीटरने मोजलं: पंपापाशी 68 अंश, एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाइपपाशी 81. पेट्रोलमधला हलका भाग 40 अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. पंपाच्या मागच्या बाजूला तर ओढीमुळे आणखी लवकर. पंप वाफ ढकलू शकत नाही.

अँबॅसिडर टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. मी पण टाकून बघितलं. दोन मिनिटांत चालू झाली, म्हणजे निदान पक्कं.

26 एप्रिल

पंप ते कार्बोरेटर पाइप एक्झॉस्टपासून लांब, इंजिनच्या पुढून फिरवला. त्यावर काचेच्या धाग्याचं आवरण, 280 रुपये. पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल, दोन्हीकडून बोटभर अंतर ठेवून. ढाल पंपाला टेकली तर ती उलट उष्णता आणून देते. कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर.

पंपापाशी आता 54, पाइपपाशी 57.

इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो टाकीजवळ बसतो, ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास कमी होतो हे खरं आहे. पण इंजेक्शनच्या गाडीचा पंप इथे चालत नाही. त्याचा दाब 40 पीएसआयच्या घरात, या कार्बोरेटरची नीडल दोन-तीनच्या वर तग धरत नाही. कमी दाबाचाच घ्यावा लागेल, आणि अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही बंद होईल असा रिले आणि ऑइल प्रेशरचा स्विच हवा. ते नसेल तर पेट्रोल तुटक्या पाइपातून ओतत राहील. मेकॅनिकल पंपाने काम होत असताना मी त्यात गेलो नाही.

टाकी उतरवलेली असतानाच रिटर्नचा एक नळ बसवून घ्यायला हवा होता. उन्हाळ्यात जास्त फिरवणाऱ्यांनी तो अण्णांकडून त्याच वेळी लावून घ्यावा, पुढे वाफ परत टाकीत पाठवायची सोय राहते.

11 मे

तुळजापूर. मामांना घेऊन, मुद्दाम दुपारी एकला निघालो. मामा शेजारी बसून पूर्ण वाट इंजिनाचा आवाज ऐकत होते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ट्रकमागे रांगत चढलो, जिथे आधी हमखास बंद पडली असती. वर जाऊन इंजिन दहा मिनिटं आयडलला ठेवलं. आयडल स्थिर. बंद करून पाच मिनिटांनी सेल्फ मारला, दुसऱ्या फेऱ्यात चालू.

मामा म्हणाले, "शेडमध्ये ठेवली ती चूकच झाली रे. दर महिन्याला काढायला पाहिजे होती."

परत आल्यावर पंपाच्या खालच्या, थेंब गळायच्या भोकाखाली बोट लावून बघितलं. कोरडं. तिथे ओल आली की डायफ्राम गेला समजायचं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरण्याच्या आधी कळतं.

माझ्या हातून झालेला खर्च, ऑइल, कार्बोरेटर आणि उष्णतेची कामं धरून, साडेसात हजारांच्या आत. आधीचे 5,250 त्यात धरलेले नाहीत. खरी बिघाडाची जागा, म्हणजे नळीतली माती, रबराचा तुकडा, लाइन आणि टाकी, एवढंच धरलं तर तीन-साडेतीन हजार.

राहिलेलं काम: टाकीतला गेजचा फ्लोट. सफाईनंतर काटा अर्ध्यावर अडकलाय. बहुतेक दांडी परत बसवताना वाकली. जूनचा पाऊस सुरू व्हायच्या आत तो काढायचा आहे, तोवर किलोमीटर लिहून पेट्रोल भरतोय. डायफ्रामचं एक किट आणि आर9 चा फूटभर पाइप डिकीत ठेवला आहे.